दोन गाठी म्हणजे दार

१

दोरी रंगरावाने सोमवारी सकाळीच बांधली, चहा व्हायच्या आत. अक्काच्या खाटेच्या पायाला पहिलं टोक, तिथून ओसरीचा खांब, मग अंगणातला लिंब आणि शेवटी संडासाच्या दाराची कडी. हिरवी नायलॉनची दोरी होती, टमाट्याच्या बांधणीतून उरलेली. आता बांधणीच्या कामात रंगरावाचा हात धरणारा माणूस चिखली तालुक्यात शोधूनही सापडला नसता. त्याची गाठच वेगळी. शेपूट बाहेर लोंबू द्यायचं नाही, पोटात घालून ओढायचं. वादळ आलं तरी झाड पडेल, पण गाठ सुटायची नाही.

"अक्का, धरून पाह्य," तो म्हणाला. "एक गाठ हाताले लागली की समज पायरी आली. दोन लागल्या की दार."

"मले काय शिकवतं बे? तुले चालायले मी शिकवलं," अक्का म्हणाली.

खोटं नव्हतं ते. अक्का म्हणजे अन्नपूर्णाबाई, रंगरावाची बारा वर्षांनी मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं करून माहेरी आली, आणि त्याच साली आई गेली. तेव्हा रंगा तीन वर्षांचा होता. पुढची सगळी उस्तवार हिनेच केली. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत नेताना ती पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधायची. गर्दीत मध्येच पदराला दोन हिसके द्यायची. म्हणजे, हायस का? त्यानेही दोन हिसके द्यायचे. म्हणजे, हाव, हाय. असा पोरगा कसा हरवेल?

आता अक्काचं वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूने चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळे नेले. तिने दोरी चाचपली, पहिल्या गाठीवर थांबली आणि हसत दोन हिसके दिले. संडासाच्या दाराशी उभ्या रंगरावाच्या हाताला ते लागले. त्याने दोन परत दिले, पण तोंडाची चव गेली होती.

कारण त्याची बॅग शेजारच्या जयमालाच्या घरात लपवलेली होती. मुलगा शेखर सिंगापूरला, त्याने तीन आठवड्यांचं तिकीट पाठवलं होतं. दिवाळीत रंगरावाने नुसता विषय काढून पाहिला, तर अक्काने त्याचा हात धरला आणि सोडेचना. "मले सोडून इमानात बसू नको, रंगा. मी गेली तं माह्या तोंडात पानी तुह्याच हातचं पायजे. दुसरं मले काई नोको." म्हणून मग त्याने युक्ती केली. शेगावला सेवेत आपला नंबर लागला, आठ दिवस राहायचंय, असं सांगून टाकलं. अक्का इतकी हरखली, की येईल त्या बाईला सांगत सुटली, माह्या भावाले महाराजांनं बोलावलं. गावाला खरं ठाऊक होतं. गाव गप्प बसलं.

"येतो, अक्का."

"येजो. चारच्या यष्टीनं येजो, मी ऐकत राहीन."

जाताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, ही रीतही तिनेच त्याला शिकवलेली. रिक्षात बसल्यावर त्याने मागे वळून पाहिलं नाही.

२

शेखरचं घर अकराव्या मजल्यावर. बाहेर आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब गॅलरी, सगळ्या घरांची दारं तिच्यावर उघडणारी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पोलादी नळीचा कठडा. सून समीक्षा गुणाची. सासऱ्याला ज्वारीची भाकरी लागते म्हणून तिने कुठून तरी पीठ पैदा केलं होतं. शेखरने तर रजाच टाकली. उंच इमारती, बोटी, काचेच्या पोटात वाढवलेली झाडं, असं काय काय दाखवलं. रंगराव "वा, वा" म्हणत होता आणि ते खरंच वा वा होतं. एवढं देखणं शहर, आणि ते आपला मुलगा दाखवतोय! बापाला आणखी काय हवं?

मेट्रोच्या स्टेशनात मात्र त्याचं चित्त उडालं. फरशीवर पिवळी पट्टी होती, उभ्या रेघांची. ती सरळ जात होती, आणि जिना आला की रेघांच्या जागी गोल ठिपके होत होते.

"हे कायले हाय?"

"आंधळ्यांसाठी, बाबा. काठी नाहीतर पाय लावत चालायचं. रेघा म्हणजे सरळ चला, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. अख्ख्या शहरात आहे ही. एकटा आंधळा माणूस कुठेही जाऊ शकतो."

रंगराव त्या पट्टीकडे पाहतच राहिला. इथे परक्या आंधळ्यांसाठी सरकारने अख्खं शहर रेखून ठेवलंय, आणि आपण सख्ख्या बहिणीला वीस हात नायलॉन बांधून आलो. त्याला इतकी लाज वाटली, की त्या पट्टीवर पाय ठेवायलाही तो धजेना. दिवसभर तो ती ओलांडून चालत राहिला.

पाचव्या दिवशी शेखर कामावर गेला, समीक्षाही गेली. रंगराव संध्याकाळी पाय मोकळे करायला गॅलरीत निघाला. कठड्यावर हात ठेवून चालायची सवय त्याला दोन दिवसांत लागली होती. लिफ्टच्या अलीकडे एक पायरी उतरायची असते. ती यायच्या वीतभर आधी त्याच्या तळव्याखाली काहीतरी आलं.

कठड्याच्या नळीला हिरव्या दोरीचा तुकडा बांधलेला होता. एकच गाठ.

कोणीतरी कपडे वाळत घातले असतील, त्याने मनाशी म्हटलं. इथे लोक खिडकीतून काठ्या काढून कपडे वाळवतात, दोरी तर लागणारच. हिरवी नायलॉन काय फक्त चिखलीलाच मिळते? तो पुढे गेला, मग परत आला. खाली वाकून गाठ नीट पाहिली. शेपूट बाहेर नव्हतं. पोटात घालून ओढलेलं होतं.

त्याने घड्याळ पाहिलं. साडेसहा वाजले होते. गावाकडे चार.

३

"काका, तुमी दोरी फाटकापावतर बांधून गेलते काय?" जयमालाने फोनवर विचारलं.

जयमाला तरुण, बालवाडीत शिकवते, अक्काला दोन वेळचं जेवण तीच नेऊन द्यायची. तिच्या बोलण्यात काळजी नव्हती, नुसती चौकशी होती.

"नाई. संडासापावतरच."

"मंग कोनं बांधली? आता लिंबापासून फाटकापावतर हाय. आत्याबाई रोज चार वाजता दोरी धरून फाटकाशी येऊन बसतात. यष्टी गेली की परत जातात. मले वाटलं तुमीच सोय केली."

रंगरावाने ओठांवरून जीभ फिरवली. "उकंडरावानं बांधली असन," तो म्हणाला. उकंडराव म्हणजे समोरच्या घरातला, त्याच्याच वयाचा गडी. तसं असायला काय हरकत होती? माणूस माणसाला मदत करतो.

"हो, असन," जयमाला म्हणाली.

तीन दिवसांनी तिनेच आपणहून फोन केला. "काका, दोरी आता यष्टी थांब्यापावतर गेली. खांबा-खांबाले बांधली. उकंडरावकाकाले इच्यारलं, तं ते म्हनतात, माह्या हातात तं कंप हाय, मी कसा बांधीन? अन् गाठी तुमच्याच हायेत, काका. आमच्या टमाट्याले तुमीच बांधता ना, मी वळखते."

"अक्का काय म्हनते?"

"त्या म्हनतात, रंगानं बांधून देल्ली. जसजशी लागन तसतशी देते म्हने."

रंगरावाने फोन ठेवला आणि आपले हात पाहिले. दोन्ही तळव्यांवर आडवे लाल वळ होते. दिवसभर बांधणी केली की पडतात तसे. सिंगापूरला आल्यापासून त्याने सुतळीच्या तुकड्यालाही हात लावला नव्हता. समीक्षाने हळदीचं दूध आणून दिलं आणि विचारलं, बाबा, जिममध्ये गेला होता की काय? तो हसला. हसण्याचं नुसतं सोंग होतं ते.

४

आठ दिवस संपले तेव्हा त्याने सेवा वाढवली. म्हणजे फोनवर. समुद्राकाठच्या फरसबंद वाटेवर शेखर फोटो काढत होता, आणि तिकडे जयमालाने फोन अक्काच्या कानाला लावला होता.

"अक्का, अजून आठ-दहा दिवस राहा म्हनतात. मानसं कमी हायेत इथी."

पलीकडे अक्काने आधी नीट कान दिला.

"रंगा, शेगावले समुद्र हाय का रे?"

रंगराव पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. "समुद्र? नाई बा. काऊन?"

"तुह्या मागं पानी वाजून राह्यलं. अन् वाटीनं चालता चालता माह्या पायालेही खारं लागते." तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. दमलेला होता. "लय लांब हाय रे तुहं शेगाव. जुनं मानूस मी, आठ दिवसांचं म्हनशीन तं आठ दिवस थांबीन. पन तू खरं सांग. मले काई राग नाई. कुठी हायस तू?"

बघा, एवढंच विचारलं होतं तिने. दोन शब्दांचं उत्तर होतं. सिंगापूरला हाय. शेखरपाशी हाय. ती रडली असती, शिव्या घातल्या असत्या आणि चार दिवसांनी भाच्याची खुशाली विचारली असती. ज्या बाईने आपल्या ताटातला घास काढून याला वाढवला, तिला खरं सांगणं याला जमलं नाही. खोटं एकदा बोललं की त्याला राखायला दुसरं ठेवावं लागतं.

"शेगावलेच हाय, अक्का. नळाचं पानी वाजते ते."

"बरं," अक्का म्हणाली. "मंग येतेच मी. दोरी पुरली पायजे फक्त."

फोन बंद झाला. शेखर हाक मारत होता, बाबा, इकडे बघा, हसा. रंगरावाने काठावरच्या कठड्याला हात टेकला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. त्याने खाली पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती, बोटांनी मोजलं होतं. एक गाठ. तिथून पुढे पाण्याकडे उतरणारी पायरी होती.

त्या रात्री त्याने शेखरला सांगून टाकलं, मले घरी जायचं हाय. शेखरने तिकीट बदलायला घेतलं. तीन दिवसांनंतरचं मिळालं.

५

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरात एकटा होता. ऊन अजून होतं. पश्चिमेकडची सगळी गॅलरी पिवळी झाली होती, खाली लहान मुलं सायकली फिरवत होती. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. रंगरावाने चहा टाकला, मोबाइलवर किती वाजले ते पाहिलं. सहा सत्तावीस.

दार उघडं होतं, पण दाराबाहेरची लोखंडी जाळी लावलेली होती. जाळीच्या कडीला बाहेरून दोरी होती. सकाळी समीक्षा गेली तेव्हा नव्हती. हिरवी दोरी कडीपासून निघून कठड्याकडे गेली होती आणि कठड्याच्या कडेने लिफ्टकडे. कडीपाशी दोन गाठी होत्या, एकीला चिकटून दुसरी.

दोन म्हणजे दार.

चहा उतू गेला. त्याने गॅस बंद केला, आणि त्या शांततेत त्याला तो आवाज ऐकू आला. कोरडा तळवा दोरीवरून सरकत येतो त्याचा. सर्र, मग थांबणं. परत सर्र. हा आवाज त्याला पाठ होता. चार वर्षं ओसरीतल्या भिंतीवरून हाच तळवा सरकताना तो अंथरुणात पडून ऐकत होता. लिफ्टच्या अलीकडे आवाज थांबला. पायरी असते तिथे. अनवाणी पाऊल चाचपत खाली टेकल्यासारखं वाटलं, मग दुसरं.

शेजारची कोणी बाई असेल, त्याची बुद्धी म्हणत होती. इथे म्हातारी माणसं कमी का आहेत? तोवर त्याचा हात मात्र जाळीतून बाहेर गेला होता आणि त्याने दोरी धरली होती. ती ताणलेली होती. पलीकडे भार होता.

दोन हिसके आले.

हायस का?

रंगराव सासष्ट वर्षांचा होता. नातवंडांचा आजोबा व्हायला आला होता. पण त्या क्षणी मनगटाला पदर बांधलेला तीन वर्षांचा पोरगाच होता तो, आणि त्याला ठाऊक होतं काय करायचं असतं ते. बोटं वळली होती. नुसतं दोनदा ओढायचं होतं. पण ओढलं, की ती या दाराशी येणार. शेगावच्या नव्हे, या दाराशी. आंधळे डोळे याच्याकडे करून उभी राहणार. मग तिला काय सांगायचं?

परत दोन हिसके आले. आधीपेक्षा हलके.

त्याने दोरी सोडून दिली. हात आत घेतला आणि काखेत दाबून धरला. देवा महाराजा, ही जाऊ दे, फक्त आत्ता जाऊ दे, असं तो मनात म्हणत होता. असं म्हणत होता याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

तिसऱ्यांदा हिसका आला नाही. फोन वाजला.

६

"काका..." जयमाला रडत होती. "आत्याबाई गेल्या. यष्टी थांब्यावर बसल्या होत्या. चारची गाडी आली, आमी म्हनलं चला, तं उठल्याच नाई. पानी पाजाले गेलो, तं दातखीळ. पानी आत गेलंच नाई, काका."

मागे माणसांचा गलका होता. उकंडरावाचा आवाज ओळखू येत होता.

"त्यायच्या हातातून दोरी सुटून नाई राह्यली. मूठ अशी आवळली, की बोटं मोडतीन. दोरी तं ताठ हाय, कोन ओढून धरल्यासारखी. घरी कसं न्यावं? उकंडरावकाका म्हनतात कापा. तुमाले इच्यारून कापतो म्हनलं. कापू काय?"

रंगरावाने जाळीतून बाहेर पाहिलं. कडीची दोरी अजून ताठ होती. एकसारखी थरथरत होती.

एक क्षण, एकच क्षण, त्याला सगळं कळलं. कापायची नाही. थोडं थांबा म्हणायचं. आपण जाळी उघडायची, दोनदा ओढायचं, आणि तिला आत येऊ द्यायचं. वाटी भरून पाणी ठेवायचं. पण फोनवर पंधरा माणसं उत्तराची वाट पाहत होती, आणि त्यांना काय सांगणार होता तो?

"काप," तो म्हणाला.

विळा मागितल्याचं ऐकू आलं. मग जयमाला म्हणाली, "कापली, काका."

बाहेरची दोरी सुटून फरशीवर पडली.

आणि तळव्याचा आवाज परत सुरू झाला. आता तो दोरीवरून येत नव्हता. भिंतीवरून येत होता, उगाच, वर-खाली, जिथे धरायला काही नाही तिथे फिरल्यासारखा. कुंडी पडली. दोन दारं पलीकडे कोणाची तरी जाळी चाचपली गेली, मग त्याच्या पलीकडची. आवाज लांब लांब जात राहिला. लिफ्ट वाजली. दार उघडलं, बंद झालं.

मग त्याने जाळी उघडली. गॅलरीत कोणी नव्हतं. उन्हात हातभर हिरवी दोरी पडली होती. एक टोक विळ्याने तुटलेलं.

७

शेखरने दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान मिळवलं. गावाने अक्काला बर्फावर ठेवलं होतं. भाऊ आल्याशिवाय अग्नी द्यायचा नाही, असं उकंडरावाने सगळ्यांना बजावलं होतं. शेखरही बापासोबत निघाला. वाटेत तो सारखं म्हणत होता, बाबा, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, आत्याचं वय झालं होतं. रंगराव ऐकत होता. खिशातला दोरीचा तुकडा त्याने मुठीत धरला होता.

विमानतळाकडे जाताना एका मोठ्या स्टेशनात गाडी बदलायची होती. कामाला निघालेल्यांची ही गर्दी! सरकत्या जिन्याशी पोचल्यावर रंगरावाने मागे पाहिलं.

पिवळी पट्टी जिथे संपत होती, रेघांचे ठिपके होत होते, तिथे गर्दी दुभंगत होती. लोक मोबाइलमध्ये बघत येत होते आणि त्या एका जागेपाशी आले की न बघता किंचित बाजूला होत होते, आंधळ्या माणसाला वाट द्यावी तसे. मध्ये एका म्हातारीपुरती मोकळी जागा होती. तिच्यात कोणी नव्हतं. फक्त ठिपक्यांवर दोन ओली पावलं होती, अनवाणी, टाचांना भेगा असलेली. कोणी पुढची वाट सांगेल म्हणून थांबलेली.

ठिपके म्हणजे थांबा.

"बाबा, चला," शेखरने त्याचा दंड धरला. "विमान चुकेल. तिकडे सगळे आत्याला घेऊन खोळंबलेत."

रंगरावाने खिशातल्या तुकड्याला दोनदा हिसका दिला. दुसऱ्या टोकाला काही बांधलेलं नव्हतं.

ती पावलं मात्र वळली. त्याच्या बाजूला नाही. जरा डावीकडे, जिथे काहीच नव्हतं तिकडे.

त्याचा पाय जिन्यावर पडलेला होता. पायऱ्या वर निघाल्या होत्या, मागून लोक चढत होते.

"येतो, अक्का," रंगराव म्हणाला.